स्वल्पविराम नको

सुन्ही,

काल संध्याकाळी तुझा नवरा खाली आला, तुझी दोनशेपानी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "टीचर, चेक." साडेसहा वर्षं विश्रांतवाडीत काढून या माणसाची मराठी "चालेल" आणि "थोडं थोडं" यांच्यापुढे गेली नाही, त्यामुळे मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली नाही. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे तुझ्या त्या गोल गोल, शेंगदाणे मांडल्यासारख्या अक्षरात दोन शब्द होते. आपली सुन्ही.

हे तुझ्या कबरीच्या दगडावर कोरायचं आहे. सोमवारी कारागिराला कागद द्यायचाय आणि त्याआधी मी तो तपासायचा, असं तूच सांगून गेलीस म्हणे. "शी सेड, टीचर चेक, देन ओके," पार्क सर म्हणाले आणि दारातच उभे राहिले. चहा विचारला तर "चालेल" म्हणाले आणि न घेताच वर गेले.

चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. लाल पेन हातात आलं की मला विचार करावा लागत नाही, हात आपोआप चालतो. काल टोपण काढलं, अर्धा तास बसले आणि टोपण परत लावलं. दोनच शब्द, पण त्यात चूक आहे की नाही हे मला ठरवता येईना. तुला जाऊन अकरा दिवस झाले, आणि अजून तू मला गृहपाठ देतेयस.

राग आलाय मला तुझा. सरळच सांगते, कारण तू होतीस तोवर मी काही सरळ सांगितलं नाही. आपली की आमची, एवढाच तो प्रश्न. पण या एका शब्दावरून आपण जवळजवळ सहा वर्षं भांडलो आणि शेवटी याच शब्दाने मी तुला घराबाहेर काढलं. जगात इतके शब्द आहेत. दगडावर लिहायला तुला दुसरा सापडला नाही?

आणि तो दगड वाचणार कोण, याचा तरी विचार केलास का? तुझ्या हानाची दहावी झाली की ती आणि पार्क सर कोरियाला परत जाणार. तिकडच्या तुमच्या चर्चने बोलावलंय त्यांना. तू मात्र "मी इथेच" म्हणून हट्ट करून पुण्याच्या मातीत झोपलीस. म्हणजे फुलं घेऊन येणारी, पाला झाडणारी आणि ते दोन शब्द दर वेळी वाचणारी मागे राहिले मी. तुला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच "टीचर चेक".

तू आलीस तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मला जरा घाई होती. एजंट तुम्हा तिघांना घेऊन आला, वरचा मजला रिकामा होता. मी विचारलं, "पुण्यात कशा काय?" तीन महिने कुठल्याशा शिकवणीत पाठ केलेलं वाक्य तू म्हणून दाखवलंस. "देवाने पुणे सांगितलं."

"विश्रांतवाडीपण देवानेच सांगितली की एजंटने?" मी म्हटलं.

एजंट हसला. तू पिशवीतून वही काढून "एजंट" लिहून घेतलंस.

आई तिच्या खुर्चीत बसली होती. तिचे कान तेव्हाच गेलेले. तू तिच्यापुढे कमरेतून वाकलीस आणि मोठ्याने म्हणालीस, "माझं नाव सुन्ही." आईने तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "सून ही? कुणाची?"

"कुणाचीच नाही गं. वरची भाडेकरू आहे," मी म्हणाले आणि किल्ली शोधायला आत गेले.

आईला ते ऐकू आलं नसावं, किंवा ऐकायचं नसावं. मी लग्न केलं नाही. दादाची बायको कात्रजहून वर्षातून दोनदा यायची, तीही घड्याळ बघत. आयती दारात आलेली सून आईने हातची सोडली नाही. शेवटपर्यंत ती तुला सूनबाई म्हणत राहिली आणि तू ओ देत राहिलीस. मला ते गमतीचं वाटायचं. तुला नव्हतं वाटत, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या पाच मिनिटांत तू मला वय विचारलंस, तेही एजंटसमोर. पुण्यात शाळेतल्या बाईंना कुणी वय विचारत नाही, त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज करतात आणि गप्प बसतात. तुमच्याकडे म्हणे वय कळल्याशिवाय समोरच्याला हाक काय मारायची तेच ठरत नाही. मी तेरा वर्षांनी मोठी निघाले. "म्हणजे ओन्नी," तू म्हणालीस, "मोठी बहीण." पुढे तू माझ्याकडे मराठी शिकायला येऊ लागलीस, तेव्हा शिकवणीत बाई आणि जिन्यात ओन्नी, अशी तुझी वाटणी ठरली.

आठ दिवसांनी गॅलरीत एक मोठी बरणी आली. किमची, तुमचं आंबवलेल्या कोबीचं लोणचं. शेजारच्या सावंतकाकूंनी फाटकातूनच विचारलं, "बाई, तुमच्या वर काही मेलंबिलंय का?" मी वर तणतणत गेले तर तू कोपरापर्यंत लाल तिखटात हात घालून बसली होतीस आणि हाना कोबीच्या पानांना मीठ चोळत होती. मी काय बोलणार होते कोण जाणे. खाली आई सुकट भाजत होती आणि तो वास जिन्याने वर आला. तू नाक वर करून म्हणालीस, "घरासारखा वास." आमच्या घरच्या सुकटाला उभ्या जन्मात लोकांनी नाकंच मुरडली. कौतुक करणारी तू पहिली. तेव्हापासून बरणीबद्दल गल्लीत कुणी बोललं की मीच तोंड उघडायचे.

आणि मग तो नवऱ्याचा प्रकार. फाटकाशी मी आणि सावंतकाकू उभ्या होतो. तू पिशव्या घेऊन आलीस आणि अगदी प्रसन्न चेहऱ्याने मला म्हणालीस, "ओन्नी, आपला नवरा आज कात्रजला गेला. जेवायला आपल्याकडेच येईल."

सावंतकाकूंनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापर्यंत बातमी गेली होती की बाईंना साठीच्या तोंडावर नवरा मिळाला, तोही अर्धा. मी तुला संध्याकाळी खाली बोलावलं आणि पाटी घेऊन बसले.

"सुन्ही, आपला नाही. माझा नवरा."

"माझा?" तुझं तोंड कडू झालं. "पेन्सिल माझी. नवरा काय पेन्सिल आहे?"

"बरं, मग आमचा म्हण. आमच्याकडे बायका 'आमचे हे' म्हणतातच."

"आमचा म्हणजे कोण कोण?"

"तुम्ही घरचे."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर. तुझ्या नवऱ्याच्या बाबतीत मी बाहेरच बरी."

तू हसली नाहीस. तू मला समजावू लागलीस की तुमच्या भाषेत एकच शब्द आहे, उरी. उरी घर, उरी देश, उरी आई. एकुलत्या एक मुलीचीसुद्धा आई तिथे उरी आई. उरी नवरासुद्धा म्हणतात, आणि त्यावर शेजारीण पदर तोंडाला लावत नाही. मी म्हटलं, ते तुमच्याकडे. मराठीत दोन दारं आहेत. ऐकणारा आत असेल तर आपलं, बाहेर असेल तर आमचं. ज्याला घरात घ्यायचं नाही त्याला आपलं म्हणू नये, गैरसमज होतात. मला तेव्हा ते फार छान समजावलंय असं वाटलं होतं.

तरी तू सुधारली नाहीस. "आपल्या हानाचं पोट दुखतंय." "आपलं सिलिंडर संपलं." "आपल्या चर्चमधून पत्र आलं." दर वेळी मी म्हणायचे, "तुमचं, सुन्ही, तुमचं," आणि दर वेळी तू मान हलवून म्हणायचीस, "हो हो, चूक." दुसऱ्या दिवशी परत तेच. मी हानाला म्हणायचे, तुझ्या आईचं डोकं चांगलं आहे, क्रियापदं झरझर शिकली, हा एवढा शब्द कसा जात नाही तिच्या डोक्यात.

तू कशासाठी आली होतीस ते मी कधी विसरले नाही. पहिल्याच महिन्यात तू मला एक पुस्तिका दिलीस, येशूचं चरित्र मराठीत. मी ती वाचली आणि शुद्धलेखन लाल पेनाने तपासून परत दिली. पहिल्याच पानावर सात चुका होत्या. तू पुस्तिका मिटलीस आणि म्हणालीस, "बाई, आतलं कसं वाटलं?"

"आतलं चांगलं आहे. पण आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तो पूर्ण विचार करून घेतला. ते काय दर दहा वर्षांनी भिंतीला रंग काढणं नव्हे."

"देव नाही, तर एकटं वाटत नाही?"

"तू रोज शिकवणीला येतेस. एकटं वाटायला वेळ कुठाय?"

त्यावर मात्र हसलीस. आपला तो वाद कधी संपला नाही, आणि खरं सांगू, मला तो संपायला नको होता. शाळा सुटल्यापासून माझ्याशी भांडायला कुणी उरलं नव्हतं.

दर रविवारी वरच्या हॉलमध्ये तू खुर्च्या मांडायचीस. गल्लीत ज्याला त्याला प्रार्थनेला बोलवायचीस आणि सगळे म्हणायचे, "बघू." तू वहीत लिहिलं होतंस, बघू म्हणजे हो, पण नंतर. अकरा जण बघू म्हणाले म्हणून तू अकरा खुर्च्या मांडल्यास आणि पार्क सर रिकाम्या खुर्च्यांपुढे गिटार वाजवत बसले. मला वरून आवाज येत होता. दुपारी तू खाली आलीस तर डोळे सुजलेले. मी तुला सांगितलं, "अगं, पुण्यात बघू म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणायला बरं दिसत नाही म्हणून बघू." तू वही काढलीस, आधीचं खोडलंस आणि नवं लिहिलंस. पुढच्या रविवारी परत खुर्च्या मांडल्यासच. साडेसहा वर्षांत त्या खुर्च्यांवर बसलेला माणूस मी पाहिला तो एकच, आई. तिला गाणं ऐकू येत नव्हतं. सूनबाईच्या घरी चहाला जाते म्हणून जायची.

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं. टाळून टाळून किती टाळणार.

आई गेली. तिचे शेवटचे तीन आठवडे तू जी सेवा केलीस ती मी केली नाही, हे मी कुणालाही सांगेन. बेडपॅन तू उचललंस, पाठ तू पुसलीस, सुकटाचं पाणी चमच्याने तू पाजलंस. पुण्यानुमोदनाच्या दिवशी फाटकासमोर मांडव घातला होता. नातेवाईक, दादाचे ऑफिसातले लोक, विहारातली सगळी मंडळी. त्रिशरण, पंचशील झालं. दोनचार जण आईबद्दल बोलले. आणि कुणी काही म्हणायच्या आत तू उठून माइक हातात घेतलास. पांढरी साडी नेसली होतीस, माझीच.

तू म्हणालीस, "आपल्या आईचा आत्मा आपल्या देवाकडे गेला."

एका वाक्यात सगळं. ज्या घरात आत्मा मानत नाहीत, देव मानत नाहीत, ज्या माणसांनी या दोन गोष्टी दारातून बाहेर काढायला दोन पिढ्या घातल्या, त्यांच्या मांडवात, त्यांच्या मेलेल्या बाईबद्दल. मागून कुणीतरी म्हणालं, "आता इथंपण आले का हे?" दादा उठून उभा राहिला. मी तुझ्या हातातून माइक घेतला. तो चालू होता.

मी म्हणाले, "सुन्ही, आत्मा आणि देव तुमच्यात. आमच्यात नसतात. आणि ती आमची आई आहे. आपली नाही."

लाउडस्पीकरवरून ते सगळ्या गल्लीने ऐकलं. तू "हो हो, चूक" असं म्हणशील असं मला वाटलं होतं. तू मात्र माझ्यापुढे कमरेतून वाकलीस, पहिल्या दिवशी आईपुढे वाकली होतीस तशी, आणि वर निघून गेलीस.

देवाची आणि आत्म्याची जी गोष्ट होती ती मी आजही तशीच म्हणेन. ती तुझी चूकच होती आणि ती मी सोडणार नाही, तू आता कुठेही असलीस तरी. पण शेवटची दोन वाक्यं व्याकरणाची नव्हती. ती मला बोलायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी तू दार वाजवलंस. हातात आईचा स्टीलचा डबा. "आपल्या आईंचा डबा आमच्याकडे राहिला होता," तू म्हणालीस. "आपण तो ठेवून घ्यावा."

मी डबा हातात घेतला. एक चूक नाही. आईंचा, आदरार्थी. आमच्याकडे, बरोबर. आणि आपण, पण ते आपण दुसरंच. पत्रातलं, ऑफिसातलं, परक्या माणसाला "आपण बसा" म्हणतात ते. तोच शब्द, ज्यात तू मला रोज ओढून आत घ्यायचीस, त्याच शब्दाने तू मला अदबीने उंबऱ्याबाहेर उभं केलंस. त्या दिवसापासून आठ महिने तुझ्या तोंडून एक चूक निघाली नाही. आमची हाना, आमचं सिलिंडर, आमचे हे. जिन्यातलं ओन्नी बंद, जिन्यातही बाई. शिकवणीला यायचीस, वेळेवर, वही तपासून घ्यायचीस, "आपले आभार" म्हणायचीस. माझी उभ्या आयुष्यातली सगळ्यात शुद्ध मराठी बोलणारी विद्यार्थिनी, आणि मला तिचा एक शब्द ऐकवेना. दर वेळी वाटायचं, एकदा चुकून दाखव गं. एकदा म्हण आपला नवरा. तोंडाने मात्र म्हणायचे, "छान. प्रगती आहे."

त्याच काळात तुझं पोट दुखायला लागलं. तू ॲसिडिटी सांगितलीस. जिना चढताना तू मधल्या पायरीवर बसायचीस, ते मला खालून ऐकू यायचं. पावलं थांबायची आणि बराच वेळ पुढे जायची नाहीत. आधीची मी असते तर तुला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं असतं आणि वाटेत रिक्षावाल्याशी भांडलेही असते. पण आपल्यात तेव्हा ते आपण येऊन बसलं होतं. त्यांच्या घरचा प्रश्न आहे, त्यांची माणसं आहेत, मी मनात म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय ते मीच तुला शिकवलं होतं.

आणि तू? तू कुणाला का सांगितलं नाहीस? तीन महिने नुसती प्रार्थना करत बसलीस. मी शेजारी होते, मास्तरीण होते, मोठी बहीण होते ना तुझी वयाच्या हिशेबाने? दार वाजवून एकदा म्हणायचं होतंस. इतका मान कसला? इतका राग होता तर माझ्या तोंडावर भांडायचं होतंस, आपल्याला भांडता येत होतं की.

शेवटी तुला हॉस्पिटलात दाखल केलं तेव्हा उशीर झाला होता, आणि मी भेटायला गेले तेव्हा तू अर्धी औषधाच्या गुंगीत होतीस. वाटेत मी वाक्य तयार केलं होतं. ती आपली आई होती. चार शब्द, पाठ करत गेले, पोरं तोंडी परीक्षेला जातात तशी. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस आणि म्हणालीस, "बाई, मी बरी झाले."

आणि माझं तोंड, सुन्ही, या तोंडाला काय म्हणावं. मी म्हणाले, "झाले नाही. होईन."

"होईन," तू म्हणालीस.

मग नर्स सलाईन बदलायला आली आणि त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पार्क सरांचा फोन आला.

म्हणजे माझ्याकडून तुला शेवटचं मिळालं ते क्रियापदाचं रूप. ते चार शब्द अजून माझ्याकडेच आहेत.

काल टोपण लावल्यावर उगाच वहीची पानं मागे उलटत बसले. निर्णय लांबवायचा होता, दुसरं काय. दुसऱ्या महिन्यातलं एक पान निघालं. वर माझ्या अक्षरात तारीख, खाली तुझं गोल अक्षर.

आपण म्हणजे मी आणि तू. आम्ही म्हणजे मी आणि घरचे, तू नाही. आम्ही कोरियाहून आलो. आपण चहा पिऊ. हा आमचा नवरा.

सगळं बरोबर. पुढे माझी लाल खूण आणि शेरा, छान.

मी ते पान दोनदा वाचलं. मग जिन्यात जाऊन हानाला हाक मारली. ती खाली आली, पान पाहिलं आणि खांदे उडवले. तुझ्या मुलीची मराठी आता माझ्यापेक्षा पुणेरी आहे.

"मावशी, मम्माला ऑब्व्हियसली माहीत होतं. घरी मी चुकले की तीच मला करेक्ट करायची."

"मग इथे रोज का चुकायची?"

"ती म्हणायची ग्रॅमर राँग आहे ते कळतं, पण ओन्नीशी बोलताना मला तसंच म्हणायचंय." मग जिन्याकडे वळत, "आणि तुम्ही करेक्ट करायचात ना, ते तिला आवडायचं. आजीच्या त्या प्रोग्रॅमनंतर म्हणाली, आता नाही म्हणायचं. टीचरला नकोय."

हाना वर गेली. मी वही मांडीवर घेऊन बसले आणि मला तुझा इतका राग आला की सांगता येत नाही. जवळजवळ सहा वर्षं मी चूक समजून जे खोडत होते, ते तू जाणूनबुजून रोज माझ्यापुढे मांडत होतीस, रविवारच्या खुर्च्यांसारखं. बघू म्हणणाऱ्यांसाठी. मला कळायला नको होतं का? चौतीस वर्षं वह्या तपासल्या मी. कोणती चूक नकळत झाली आणि कोणती मुद्दाम, हे अक्षरावरून ओळखते म्हणून शाळेत मिरवायचे.

आज सोमवार. वरचं लिहून झालं आणि मी परत शेवटचं पान उघडलं.

तीन मार्ग होते. आमची सुन्ही. हे शुद्ध. दगड घरच्यांचा, तू घरच्यांची, वाचणारा बाहेर. कुणी नाव ठेवणार नाही. दुसरा, आपली, मग स्वल्पविराम, मग सुन्ही. पत्राच्या शेवटी लिहितात तसं. तेही शुद्धच, आणि सभ्य. बँकेच्या मॅनेजरला अर्ज लिहितानाही आपण आपली असतोच, कुणी त्याचा गैरसमज करून घेत नाही. तो स्वल्पविराम मी पेन्सिलीने घालूनही पाहिला. त्या आठ महिन्यांतली तू होतीस तिथे. मी खोडरबराने तो पुसला.

मग मी कोऱ्या कागदावर तुझे दोन शब्द होते तसेच उतरवले, मोठ्या अक्षरात, मधे काहीही न घालता, आणि आळंदी रस्त्याला त्या दगडवाल्याकडे गेले. पार्क सर बरोबर होते, पण ते बाहेर रिक्षाशीच उभे राहिले.

कारागीर लोणी काळभोरकडचा, वयस्कर. अंगावर सगळी पांढरी भुकटी. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्याने कागद उजेडात धरला.

"नावाच्या आदी काय रेघबिघ द्यायची का बाई? स्वल्पविराम? पत्रात असतोय तसा."

"नको."

"नंतर म्हनाल ऱ्हाऊन गेला. दगड हाय, खोडता यायचा न्हाई."

"म्हणूनच नको."

त्याने परत कागद जवळ घेतला आणि एकेक अक्षर बोटाने दाबत, लहान मुलासारखं मोठ्याने वाचलं. "आप... ली... सुन... ही." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सून ही व्हय?" तो म्हणाला. "कुनाची?"

अगदी त्याच शब्दांत. मागच्या वेळी हा प्रश्न आला तेव्हा मला घाई होती आणि मी किल्ली शोधायला आत गेले होते. या वेळी मी त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"आपली," मी म्हणाले.